कोलिस्टिन: मागे पडून परत आलेलं औषध

जपानमध्ये १९५० च्या सुमारास सापडलेलं कोलिस्टिन हे प्रतिजैविक मूत्रपिंडाला आणि नसांना इजा करतं, म्हणून १९७० च्या दशकात मागे पडलं. तोवर जेंटामायसिन हे दुसरं प्रतिजैविक हाताशी आलं होतं. पुढे अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला हे जंतू कार्बापेनेमसारख्या राखीव प्रतिजैविकांनाही दाद देईनात, तेव्हा कोलिस्टिन आयसीयूत परतलं. लातूर-नांदेडकडेही प्रश्न आता तेच आहेत.

सगळ्यात जास्त घोळ डोसचा. शिरेतून देतात ते कोलिस्टिमिथेट सोडियम. शरीरात त्याचं हळूहळू कोलिस्टिन होतं. डोस कुठे युनिटमध्ये लिहितात, कुठे मिलिग्रॅममध्ये, आणि मिलिग्रॅमही दोन तऱ्हेचे. १० लाख युनिट (१ मिलियन) म्हणजे कोलिस्टिमिथेटचे सुमारे ८० मिग्रॅ, पण कोलिस्टिन बेसचे (म्हणजे प्रत्यक्ष कोलिस्टिनचे) सुमारे ३३. दिवसाचे ९० लाख युनिट म्हणजे बेसचे ३०० मिग्रॅ. तेच ३०० कोलिस्टिमिथेटचे समजून भरले, तर रुग्णाला जेमतेम ३८ लाख मिळतात आणि जंतू तगतो. उलट कोलिस्टिमिथेटचे ७२० मिग्रॅ बेसचे धरले, तर डोस दोन कोटींच्या वर जातो आणि किडनी बसते. परभणी-हिंगोलीहून छत्रपती संभाजीनगरला रेफर होणाऱ्या रुग्णाच्या चिठ्ठीवर म्हणूनच डोस युनिटमध्ये आणि शेवटच्या डोसची वेळ, दोन्ही लिहिलेलं हवंच.

प्रौढाला लोडिंग, म्हणजे पहिला मोठा डोस, ९० लाख युनिट, पुढे दर १२ तासांनी ४५ लाख. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्तातली पातळी) वाढलेलं असलं तरी लोडिंग कापू नये. ते चुकलं तर रक्तात पुरेशी पातळी यायला दोन-तीन दिवस जातात, आणि सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा) तेवढी सवड नसते. कापायचा तो पुढचा डोस. वायल जोरात हलवली की फेस येतो. औषध ऐन वेळी विरघळवावं. क्रिएटिनिन आणि लघवीचं माप रोज बघावं. मे महिन्यात उन्हातून पाणी कमी होऊन आलेल्या रुग्णाची ती कमी आधी भरून काढावी; अमिकासिन, डायक्लोफेनॅक ही औषधंही किडनीला जड, शक्यतो सोबत नको. तोंडाभोवती मुंग्या आल्या, म्हणजे नसांना त्रास दिसला, तर श्वासावर लक्ष हवं.

२०१५ मध्ये चीनमधून कोलिस्टिनला प्रतिकार देणाऱ्या एमसीआर-१ जनुकाची नोंद आली. हा प्रतिकार एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो. तरीही आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यातलं कोलिस्टिन जुलै २०१९ मध्ये बंद झालं. फार उशीर झाला.

लॅबचा रिपोर्टही तपासून घ्यावा. कोलिस्टिनचा रेणू मोठा, तो अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) नीट पसरत नाही. म्हणून अगारवर औषधाची चकती (डिस्क) ठेवून आलेला ‘एस’, म्हणजे ‘औषध चालेल’ हा निकाल ग्राह्य धरू नये, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रवात औषधाच्या वेगवेगळ्या प्रमाणांवर केलेली चाचणी) मागावं. प्रोटियस किंवा सेराशिया हा जंतू आला असेल तर चाचणीचीही गरज नाही, कोलिस्टिन तिथे चालतच नाही.