टायमिंग बेल्ट : मुदतपूर्व बदली

मोटारीच्या इंजिनात क्रँकशाफ्टची (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) गती कॅमशाफ्टकडे (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याकडे) नेणारा दातेरी रबरी पट्टा तुटण्याची वाट न पाहता ठरावीक किलोमीटरांनी किंवा वर्षांनी बदलण्याची प्रथा. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते; हा मेळ पट्टा सांभाळतो.

पट्ट्याच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. जर्मनीतील ग्लास कंपनीच्या ‘१००४’ या गाडीला (१९६२) पहिलेपणाचा मान सामान्यतः दिला जातो. मात्र अमेरिकेत बिल डेव्हिन यांनी पानार या फ्रेंच कंपनीच्या इंजिनावर चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांत १९५० च्या दशकातच दातेरी पट्टा वापरला होता. तशा पट्ट्याची कल्पना आणखी मागे, १९४० च्या दशकात गिल्मर कंपनीने शिलाई यंत्रांसाठी केलेल्या पट्ट्यापर्यंत जाते. ‘मोठ्या प्रमाणावर उत्पादन’ ही कसोटी लावल्यास ग्लासचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. १९६६ मध्ये अमेरिकेत पाँटिअ‍ॅकने, तर इटलीत फियाटचे अभियंते लाम्प्रेदी यांनी दोन कॅमशाफ्टच्या इंजिनात पट्टा आणला. आधीचे पट्टे निओप्रीन या कृत्रिम रबराचे, आत काचतंतूंचे दोर घातलेले असत. पुढे उष्णता अधिक सोसणारे हायड्रोजनित नायट्राइल रबर आले.

खर्चाचा प्रश्न इंजिनाच्या रचनेवर ठरतो. काही इंजिनांत पट्टा तुटला तरी गाडी फक्त बंद पडते. ‘इंटरफिअरन्स’ रचनेत मात्र व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. तिथे पट्टा तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) उतरवावे लागते आणि कधी पिस्टनही जातो. बदलीत पट्ट्याची किंमत थोडी आणि मजुरी जास्त असते. म्हणूनच टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी कप्पी), आयडलर (पट्ट्याला वाट देणारी कप्पी) आणि पट्ट्यावर चालणारा वॉटर पंप त्याच वेळी बदलणे हिशेबाचे ठरते. पट्टा तुटल्याचा खर्च बदलीच्या दहापट धरला आणि गाडी पुढच्या मुदतीला विकायचीच असली, तर मधल्या काळात तुटण्याची शक्यता दहात एकपेक्षा जास्त असेल तेव्हाच बदली परवडते.

बार्लो व हंटर या संशोधकांच्या १९६० च्या विवेचनापासून हे तत्त्व गणिती रूपात मांडले जाते: भाग वयाबरोबर अधिकाधिक निकामी होत असेल आणि बिघाड बदलीपेक्षा महाग पडत असेल, तरच मुदतपूर्व बदलीला अर्थ आहे. रबराला दोन्ही अटी लागू पडतात. सर्व भागांना त्या लागू पडत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात शास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांना ब्रिटिश विमानांच्या नियमित देखभालीनंतर बिघाड वाढलेले आढळले होते, आणि विमानांच्या देखभालीवरचा १९७८ चा नॉलन-हीप अहवालही अनेक भागांत वय आणि बिघाड यांचा संबंध नसल्याचेच दाखवतो. त्यामुळे ‘जे जुने ते बदला’ हा सरसकट सल्ला स्वीकारार्ह नाही.

भारतात मारुती ८००, सँट्रो आणि डस्टर डिझेल यांत पट्टा होता. मारुतीच्या के-मालिकेतील इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी आहे. मुदत इंजिनागणिक बदलते, पण कमी चालणाऱ्या गाडीतही रबर वयाने झिजते आणि किलोमीटरच मोजणाऱ्यांच्या हे लक्षात राहत नाही. जुनी गाडी घेताना बदलीची नोंद मिळाली नाही, तर पट्टा मुदत संपलेलाच धरावा.