बडोद्याहून जपानच्या डोंगरात: आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट, व्हिसा आणि ट्रेकची नोंदणी

जपानला जाऊन स्वतः गाडी चालवत नागानोच्या डोंगरात फिरायचं आणि दोन-तीन दिवस ट्रेक पण करायचा, असे प्लॅन आपल्याकडे बडोद्यात हल्ली बरेच ऐकू येतात. विमानाचं तिकीट, हॉटेल हे सगळे बरोबर करतात, पण कागदांचा क्रम चुकतो. गाडी चालवायला एक कागद लागतो, देशात शिरायला दुसरा, डोंगर चढायला तिसरा, आणि तिन्ही बघणारी माणसं वेगळी. त्यातला पहिला कागद तिकडे पोचल्यावर कुठल्याही भावात मिळत नाही, तो इथूनच न्यावा लागतो, म्हणून सुरुवात आरटीओपासून.

आधी जपानच का ते सांगतो. तिकडे गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे युरोपातल्या आल्प्सच्या घाटात उलट्या बाजूने वळणं घेताना जी धास्ती वाटते ती इथे नाही. दुसरं म्हणजे जपान फक्त १९४९ च्या जिनिव्हा कन्व्हेन्शनप्रमाणे दिलेलं परमिटच मानतो आणि भारताचं परमिट नेमकं त्याच करारातलं आहे. नुसतं भारतीय लायसन दाखवून जपानात गाडी चालवता येत नाही, ते इंग्रजीत छापलेलं असलं तरी नाही.

तर आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट, लोक आयडीपी म्हणतात तेच. पात्रता सोपी आहे, तुम्ही भारतीय नागरिक पाहिजे आणि तुमच्याकडे चालू असलेलं पक्कं लायसन पाहिजे, लर्निंग चालत नाही. लायसनवर जे क्लास आहेत तेच परमिटवर येतात, म्हणजे लायसन फक्त टू-व्हीलरचं असेल तर परमिटवर कार येणार नाही. अर्ज सारथी परिवहन पोर्टलवर होतो, राज्य गुजरात निवडायचं, लायसनच्या सेवांमधे जायचं, नंबर आणि जन्मतारीख टाकायची आणि यादीतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटवर टिक करायचं. यासाठीचा फॉर्म ४-ए. केंद्राच्या नियमातली फी १००० रुपये, त्यावर पोर्टल जो काही चार्ज दाखवेल तो वेगळा. कागद म्हणजे लायसन, पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, पत्त्याचा पुरावा, फोटो. मूळ कागद आणि एक झेरॉक्स सेट बरोबर ठेवा, दरजीपुऱ्याच्या आरटीओत बोलावलं तर शहरातून परत धक्का नको.

मेडिकल सर्टिफिकेट आणि व्हिसा यांच्यावरून फार गोंधळ आहे. जानेवारी २०२१ मधे रस्ते वाहतूक मंत्रालयाने नियम बदलला आणि परमिटच्या अर्जासाठी या दोन्ही अटी काढून टाकल्या. तरी एजंट लोक अजून सांगतात की आधी व्हिसा आणा मग बघू. कायद्याने तसं नाही, पण माझं स्पष्ट मत, काउंटरवर नियम शिकवत बसण्यापेक्षा तिकिटाची कॉपी फाईलमधे टाकून ठेवा, मागितली तर द्या.

खरं काम अडतं ते जुन्या लायसनवर. गुजरातमधे आडनाव आधी लिहायची पद्धत, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, मधलं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं अक्षर. लग्नानंतर बायकांच्या पासपोर्टवर सासरचं नाव आणि लायसनवर माहेरचं, हे तर घरोघरी आहे. परमिट लायसनच्या रेकॉर्डवरून निघतं आणि जपानात भाड्याच्या गाडीचा काउंटरवाला ते पासपोर्टशी जुळवून बघतो. नावाचा क्रम इकडेतिकडे असेल तर बहुतेक चालून जातं, पण आडनावच वेगळं असेल तर आधी लायसनमधे नाव दुरुस्त करा, त्याला वेळ लागतो. तसंच ज्यांचं लायसन पुण्याचं किंवा मुंबईचं आहे आणि आता रावपुऱ्यात नाहीतर अलकापुरीत राहतात, त्यांनी लायसनवर पत्ता बदलून मग परमिटला जावं, कारण अर्ज राहत्या भागाच्या आरटीओकडे जातो. आणि वडिलांच्या काळातलं ते चोपडीवालं लायसन असेल तर त्याची पोर्टलवर नोंदच नसते, ती आधी चढवून घ्यावी लागते.

मिळते ती छापील पुस्तिका. ऑगस्ट २०२२ पासून सगळ्या देशात तिचा नमुना एक केलाय आणि त्यावर क्यूआर कोड असतो जो तुमच्या लायसनशी जोडलेला असतो. मुदत एक वर्ष, किंवा लायसन आधी संपत असेल तर तिथपर्यंतच. म्हणून सहा महिने आधी घाई करून काढण्यात काही फायदा नाही आणि आठवडा उरल्यावर काढणं म्हणजे जुगार, प्रवासाच्या दीड-दोन महिने आधी काढलेलं बरं. नेटवर डॉलरमधे पैसे घेऊन इंटरनॅशनल लायसन नावाचं प्लॅस्टिक कार्ड किंवा पीडीएफ पाठवणाऱ्या साइट्स आहेत, दिसायला छान असतात, जपानात त्याला कोणी विचारत नाही. मोबाईलमधला फोटो पण नाही चालत. मूळ पुस्तिका, मूळ लायसन आणि पासपोर्ट, तिन्ही अंगावर पाहिजेत.

व्हिसाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर माहिती भरपूर आहे. अहमदाबादच्या सेंटरला अर्ज देता येतो. फॉर्म, फोटो, दिवसवार प्रवासाचा तक्ता, तिकीट आणि हॉटेलची बुकिंग, बँक स्टेटमेंट, आयटीआर, नोकरी असेल तर ऑफिसचं पत्र. एकदा प्रवेशाचा टुरिस्ट व्हिसा निघाल्या तारखेपासून तीन महिन्यांत वापरावा लागतो, त्यामुळे फार आधी अर्ज करून हुशारी होत नाही. तक्त्यामधे डोंगरातले दिवस पण खरे लिहा, अमुक दिवशी मात्सुमोतो शहर, अमुक दिवशी माउंटन हटमधे, म्हणजे डोंगरातल्या ट्रेकर्सच्या निवाऱ्यात मुक्काम, असं. भारतीयांना आता बऱ्याच वेळा ई-व्हिसा मिळतो आणि तो विमानतळावर फोनमधे इंटरनेट चालू ठेवून लाईव्ह उघडून दाखवायचा असतो, प्रिंट किंवा स्क्रीनशॉट धरत नाहीत. म्हणजे उतरायच्या आधी ई-सिम किंवा रोमिंगची सोय पाहिजे, नाहीतर रांगेत उभं राहून वायफाय शोधत बसाल.

गाडी बुक करताना परमिटवर कारचा क्लास आहे ना बघा, ऑटोमॅटिक घ्या, आणि आलटून पालटून दोघं चालवणार असाल तर दोघांचं परमिट वेगळं आणि दोघांची नावं करारात. सहा वर्षांखालचं मूल असेल तर चाईल्ड सीट कायद्याने सक्तीची, ती बुकिंगमधेच मागून घ्या. इन्शुरन्समधे एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते, नॉन-ऑपरेशन चार्ज. गाडीला ठोकर लागली तर दुरुस्ती इन्शुरन्स देतं, पण गाडी गॅरेजमधे उभी राहते त्याचा भुर्दंड वेगळा, साधारणपणे गाडी चालत परत आणली तर २०,००० येन आणि तिथेच सोडावी लागली तर ५०,००० येन. थोडे जास्त पैसे भरून हे पण कव्हर करून घेता येतं आणि घाटात पहिल्यांदा चालवणाऱ्याने ते करावंच. एक्स्प्रेसवेवर टोलसाठी ईटीसी कार्ड भाड्याने मिळतं. नॅव्हिगेशनमधे पत्ता टाईप करायची कटकट नको असेल तर हॉटेलचा फोन नंबर किंवा मॅपकोड, म्हणजे त्या जागेचा आकडी कोड टाका, गाडी तिथे नेऊन उभी करते.

नियमांपैकी आपल्याला घातक सवयी दोन. लाल दिव्यावर डावीकडे वळायचं नाही, म्हणजे नाहीच, रस्ता रिकामा असला तरी, आपल्याकडच्या फ्री लेफ्टच्या सवयीने पाय ब्रेकवरून आपोआप उचलला जातो. आणि रेल्वे फाटक उघडं असलं तरी प्रत्येक फाटकाआधी गाडी पूर्ण थांबवायची, मग पुढे. लाल उलटा त्रिकोण दिसला की तोमारे, म्हणजे थांबा, तिथेही चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. दारूचं तर विचारू नका, शिक्षा चालवणाऱ्यालाच नाही, शेजारी माहीत असून बसलेल्याला आणि दारू पाजणाऱ्यालाही होते. गुजरातमधून बाहेर पडलो की काही जणांना मोकळं वाटतं म्हणून मुद्दाम लिहिलं. अपघात छोटा असला तरी ११० वर पोलिसांना कळवायचं, पोलीस रिपोर्ट नसेल तर इन्शुरन्स हात वर करतो. अॅम्ब्युलन्स ११९.

महिना पण नीट निवडा. शिगा-कुसात्सूचा रस्ता, जो शिबू खिंडीजवळ २१७२ मीटरपर्यंत चढतो, तो नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या शेवटापर्यंत बर्फामुळे बंद असतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे आधी बघावं, आणि त्या दिवसांत डोंगरी भागात गाडी घेताना बर्फाचे टायर आहेत का विचारावं. काही ठिकाणी गाडी नेताच येत नाही. कामिकोची या डोंगरातल्या नदीच्या खोऱ्यात खासगी गाड्यांना वर्षभर बंदी आहे, नागानोच्या बाजूने सावांदो आणि शेजारच्या गिफू प्रांताच्या बाजूने हिरायू इथे गाडी लावून बसने जायचं, आणि कामिकोची १५ नोव्हेंबरला बंद होतं ते एप्रिलच्या मध्याला उघडतं. डोंगर ओलांडून जाणाऱ्या तातेयामा-कुरोबेच्या रस्त्यावर पण तेच, तातेयामा स्टेशन ते ओगिझावा खासगी गाडी नाही. दोन टोकांना उतरून परत गाडीपाशी यायला किती वळसा पडतो ते न बघता तक्ता बनवू नका.

आता तिसरा कागद, ज्याबद्दल टूरवाले बोलत नाहीत. तोझान तोदोके, म्हणजे डोंगर चढायची आगाऊ सूचना. कामिकोचीत नदीकाठच्या सपाट वाटेने फिरायला ती लागत नाही, पण तिथून वर होताका किंवा यारीकडे निघालात, म्हणजे ३००० मीटरच्या वरची शिखरं, तर नागानो प्रांताच्या नियमानुसार ठरवलेल्या डोंगरवाटांवर ती सक्तीची आहे. गिफूच्या बाजूला नॉर्दर्न आल्प्सच्या ठरावीक भागात पण सक्तीची आणि न दिल्यास ५०,००० येनपर्यंत दंड होऊ शकतो. पात्रता वगैरे काही नाही, फी नाही, परवानगी देणारा साहेब नाही. नाव, वय, फोन, कोण कोण आहे, कुठल्या वाटेने चढणार, कुठे मुक्काम, कुठून उतरणार, सामान काय, घरी कोणाला कळवायचं, एवढंच. ट्रेकच्या सुरुवातीला पेटी असते त्यात कागद टाकता येतो, किंवा कंपास नावाच्या साइटवर ऑनलाईन भरता येतो, आणि माझा सल्ला ऑनलाईनच भरा. हटचं बुकिंग मात्र याच्याशी जोडलेलं नाही, ते वेगळं करायचं.

फुजीचं गणित वेगळं. २०२५ पासून सगळ्या वाटांवर माणशी ४००० येन घेतात आणि हटचं बुकिंग नसेल तर दुपारी २ ते पहाटे ३ गेट बंद. सीझन जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या १० तारखेच्या आसपास. पाचव्या स्टेशनकडे, म्हणजे जिथून चढाई सुरू होते तिथे, जाणाऱ्या बहुतेक रस्त्यांवर सीझनमधे खासगी गाड्यांना बंदी असते, तेव्हा भाड्याची गाडी खालच्या पार्किंगमधे उभी राहणार, तिचं त्या दिवसाचं भाडं वाया जाणार आहे हे धरून चाला. ज्यांना फुजीच करायचाय त्यांनी त्या दोन दिवसांसाठी गाडी घेऊच नये.

ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना गाडीचा नाही, स्वतःचा, त्यात ट्रेकिंग कव्हर आहे का आणि किती उंचीपर्यंत आहे हे बारीक अक्षरात वाचा, बऱ्याच स्वस्त पॉलिसींमधे डोंगर चढणं वगळलेलं असतं. शोध आणि सुटकेचा खर्च वेगळा लिहिलाय का तेही बघा. खाण्याचं म्हणाल तर चकल्या, भाकरवडी, कोरडा चिवडा बिनधास्त न्या, फक्त ताजी फळं, भाज्या आणि कुठल्याही प्रकारचं मांस बॅगेत नको, कस्टमला ते चालत नाही. कस्टमचं डिक्लेरेशन व्हिझिट जपान वेबवर घरूनच भरून क्यूआर कोड तयार ठेवता येतो.

कंपासवर सूचना भरली असेल तर खाली उतरल्यावर उतरलो असं पण नोंदवावं लागतं. ते राहिलं तर ठरलेली वेळ उलटल्यावर तुम्ही दिलेल्या घरच्या माणसाला मेल जातो. म्हणून तिथे मेल खरंच उघडून बघणाऱ्या माणसाचा पत्ता द्या, आईचा मेल आयडी असतो पण तो भाच्याच्या फोनमधे असतो असं नको, आणि त्या माणसाला आधीच सांगून ठेवा की जपानची घड्याळं आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहेत, तिकडे संध्याकाळचे सहा म्हणजे बडोद्यात दुपारचे अडीच, आणि मेल आलाच तर तुमच्या सूचनेची कॉपी घेऊन पहिला फोन हटला करायचा.