घर बघायला कोणी येत नाही आणि बघून कोणी घेत नाही

विक्रीला काढलेलं घर महिनोन्महिने पडून राहिलं की मालक म्हणतो, “घर विकलं जात नाहीये.” या एका तक्रारीत दोन निरनिराळ्या अडचणी असतात. पहिलीत फोनच येत नाहीत. जाहिरात आहे, एजंटला सांगून ठेवलंय, पण दार वाजत नाही. दुसरीत लोक येतात, खोल्या फिरतात, गॅलरीत उभे राहतात, “छान आहे, कळवतो” म्हणतात आणि पुन्हा फोन करत नाहीत. दोन्हीकडे घर विकायचं राहतं, म्हणून उपायही एकच केला जातो: किंमत उतरवा, नाहीतर भिंतींना रंग द्या. पण कुबट वासामुळे परत गेलेला माणूस किंमत उतरली म्हणून माघारी येत नाही, आणि ज्या घराची जाहिरातच कोणी उघडत नाही त्याच्या भिंती रंगवून एकही फोन वाढत नाही.

या दोन्हींत फरक करायला एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी. जो माणूस घरापर्यंत आला, त्याने किंमत आधीच वाचलेली आहे. ती त्याला झेपणारी वाटली म्हणूनच त्याने सुट्टीचा वेळ खर्च केला. तो परत गेला तर त्या किमतीत जे मिळेल असं वाटलं होतं, ते त्याला घरात दिसलं नाही. जो आलाच नाही, त्याला मात्र तुमच्या ओलीचा, अंधाऱ्या खोलीचा किंवा कुरकुरणाऱ्या दाराचा पत्ताच नाही. त्याने निर्णय घेतला तो फक्त किंमत, पहिला फोटो आणि चार ओळींच्या माहितीवर.

आधी मोजायला हवं

वहीत पाच रकाने आखा: जाहिरात किती जणांनी उघडली, किती फोन किंवा निरोप आले, किती जणांनी घर पाहिलं, किती जण दुसऱ्यांदा आले, किती जणांनी आकडा बोलला. आठवड्यातून एकदा भरा. एजंट असेल तर हे आकडे त्याच्याकडून मागून घ्या. “प्रतिसाद बरा आहे” या उत्तरावर थांबू नका.

साखळी जिथे तुटते तिथे दोष शोधायचा. जाहिरात फारशी उघडलीच जात नसेल तर किंमत किंवा पहिला फोटो. उघडली जाते पण फोन नाहीत, तर आतले फोटो आणि माहिती. फोन येतात पण भेटी होत नाहीत, तर बहुधा अडचण तुमच्या बाजूची आहे: फोन उचलला जात नाही, किल्ली वेळेवर मिळत नाही, भाडेकरू दार उघडत नाही, किंवा घर फक्त कामाच्या दिवशी दुपारी दाखवलं जातं, जेव्हा नोकरी करणारा येऊच शकत नाही. भेटी होतात पण पुढे काही नाही, तर घराकडे बघायचं.

वेळेचा ठोकताळा असा: पहिले दोन-तीन आठवडे सर्वांत महत्त्वाचे. त्या काळात घर शोधत असलेले सगळे जण नवी जाहिरात एकदम बघतात. त्यानंतर ती फक्त बाजारात नव्याने उतरणाऱ्यांना नवी असते. तीन आठवड्यांत भेटी जवळपास शून्य असतील तर पहिला प्रकार. दहा-बारा कुटुंबं येऊन गेली आणि एकही दुसऱ्यांदा आलं नाही, तर दुसरा.

पहिला प्रकार: लांबूनच नाकारलं जाणारं घर

यात पहिला संशय किमतीवर, पण ती उतरवण्याआधी फुकटात होणारे बदल करून बघावेत.

ऑनलाइन शोधणारा माणूस किमतीची वरची मर्यादा टाकतो, आणि ती बहुतेक वेळा गोल आकडा असते. समजा ती मर्यादा 100 आहे आणि तुम्ही किंमत 101 लावली. मग 100 पर्यंत बघणाऱ्या कुणालाही तुमचं घर दिसतच नाही. 100 ते 120 मध्ये बघणाऱ्याला दिसतं, पण त्याच्या पडद्यावर ते त्याहून मोठ्या आणि नव्या घरांच्या शेजारी बसतं. बरोबर 100 लावली तर दोन्ही याद्यांत येतं. फरक एकाचा, पण बघणारा वर्गच बदलतो.

फोटोंचं गणितही सोपं आहे. दिवसाउजेडी, पडदे उघडून, दिवे लावून, फोन आडवा धरून, छातीच्या उंचीवरून म्हणजे साधारण 1.2 ते 1.5 मीटरवरून काढावेत. भिंतींच्या कडा फोटोत सरळ उभ्या दिसाव्यात. खोलीच्या कोपऱ्यातून किंवा दारातून घेतला तर खोलीचा आकार कळतो. 15 ते 20 फोटो पुरेत. पहिला फोटो घरातल्या सर्वांत उजेडाच्या खोलीचा असावा, इमारतीच्या फाटकाचा नको. खोल्यांची मापं लिहिलेला साधा नकाशा जोडलात तर अनेक प्रश्न आधीच मिटतात.

माहिती अपुरी असली की लोक विचारायला फोन करतील, असं अनेक मालकांना वाटतं. होतं उलटं. क्षेत्रफळ, मजला, लिफ्ट, पार्किंग, इमारतीचं वय, दरमहाचा देखभाल खर्च आणि ताबा कधी मिळणार, यांतलं काही गाळलेलं दिसलं की माणूस पुढच्या जाहिरातीकडे जातो. त्याच्यासमोर आणखी वीस घरं असतात.

एक चूक मात्र फार नुकसान करते आणि मालकाला ती दिसतही नाही. तीन एजंटांना घर दिलं, तिघांनी तीन जाहिराती टाकल्या, एकात किंमत जुनी, एकात क्षेत्रफळ वेगळं. शोधणाऱ्याला एकच घर तीन किमतींना दिसतं. तो सर्वांत कमी आकडा धरून बसतो किंवा काहीतरी गडबड आहे म्हणून सोडून देतो. स्वतः खरेदीदार असल्यासारखं शोधा, आपल्या घराच्या सगळ्या जाहिराती गोळा करा आणि सारख्या करून घ्या.

हे सगळं नीट असूनही फोन नाहीत, तर किंमत जास्त आहे. ती तपासताना आजूबाजूच्या जाहिरातींतले आकडे धरू नयेत. ते ज्या किमतीला घरं अजून विकली गेलेली नाहीत ते आकडे आहेत. गेल्या तीन ते सहा महिन्यांत खरोखर झालेले तीन-चार व्यवहार घ्या, त्याच परिसरातले, क्षेत्रफळात दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असलेले. मजला, वय आणि अवस्था यांचा फरक त्यात वजा-जमा करा. आपण घराला किती दिले, दुरुस्तीवर किती घातले, पुढच्या घरासाठी किती हवेत, यांतलं काहीही खरेदीदाराच्या हिशेबात नसतं.

हे मनाला पटणं अवघड असतं. डेव्हिड जेनेसोव्ह आणि क्रिस्टोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकातल्या बॉस्टनमधल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास केला, तो 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. तोट्यात विकायची वेळ आलेल्या मालकांनी, अपेक्षित विक्री किंमत आणि स्वतःची मूळ खरेदी किंमत यांतल्या फरकाच्या 25 ते 35 टक्के इतकी वाढीव मागणी केली होती. त्यांना थोडी जास्त किंमत मिळालीही, पण त्यांची घरं विकली जाण्याचा वेग कमी होता. थांबायची तयारी असेल तर तसं करावं. घाई असेल तर परवडत नाही.

दुसरा प्रकार: दारापर्यंत येऊन हरवणारं गिऱ्हाईक

येणारा माणूस नाकारण्याचं खरं कारण तोंडावर सांगत नाही. “घरच्यांशी बोलतो” हा सभ्यपणे घेतलेला निरोप असतो. म्हणून “घर कसं वाटलं?” विचारू नका. दोन दिवसांनी, शक्यतो एजंटमार्फत, नेमकं विचारा: कोणती खोली लहान वाटली? फोटोत होतं त्यापेक्षा काय वेगळं निघालं? आणि काही आठवड्यांनी: शेवटी कोणतं घर घेतलं? हे शेवटचं उत्तर सर्वांत मोलाचं. त्याने त्याच पैशांत काय निवडलं यावरून तुमच्या घरात काय कमी पडलं ते कळतं.

अनेक घरं वासावर आणि ओलीवर अडतात. वासाची अडचण अशी की मालकाला तो येतच नाही. नाक काही मिनिटांतच ओळखीच्या वासाची दखल घेणं सोडतं. त्यामुळे बाहेरच्या माणसाला बोलावून दारात उभं राहून सांगायला लावा, किंवा स्वतः दोन दिवस घराबाहेर राहून परत आल्यावरचा पहिला श्वास लक्षात ठेवा. सुगंधी फवारा मारू नका. बघायला आलेल्याला पहिला प्रश्न पडतो की हे काय लपवतायत.

बंद घरात वासाचं एक कारण अगदी क्षुल्लक असतं. न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्यात, सुमारे 50 मिलिमीटर पाणी साठलेलं असतं, आणि तेच सांडपाण्याच्या नळातला वायू अडवतं. घर काही आठवडे वापरात नसलं की ते पाणी उडून जातं आणि गटाराचा वास खोल्यांत शिरतो. लोकांना वाटतं ड्रेनेज फुटलंय. प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये आणि सिंकमध्ये आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता, कमोड फ्लश करा. बस.

ओलीचं तसं नाही. तिथेही दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी आहेत: बाहेरून किंवा जमिनीतून भिंतीत मुरणारं पाणी, आणि खोलीतल्याच वाफेचं थंड भिंतीवर जमणारं दव. तपासायला डागाचा पृष्ठभाग फडक्याने कोरडा करा, साधारण 45 सेंटिमीटर लांब-रुंद जाड पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांना चिकटपट्टी लावून हवाबंद बसवा आणि 24 तास ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर वाफ आहे: खिडक्या उघड्या ठेवणं, एक्झॉस्ट पंखा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं, एवढ्याने बरंच भागतं. थेंब भिंतीच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय, आणि उगम सापडल्याशिवाय रंग लावणं फुकट आहे. जमिनीतून चढणारी ओल सहसा मीटरभर उंचीपर्यंत पोचते आणि वरच्या कडेला पांढरा लोणा सोडते. छताजवळचा किंवा भिंतीच्या मधोमध असलेला डाग बहुधा वरच्या न्हाणीघराचा, नळाचा किंवा बाहेरच्या भेगेचा. त्यावर थेट रंग दिला की काही महिन्यांत फुगे येतात, पोपडे सुटतात. त्याहून वाईट म्हणजे जुन्या भिंतीवर एकच ताजा रंगाचा चौकोन दिसला की अनुभवी खरेदीदार नेमका तिथेच हात लावतो. गळती दुरुस्त करा, गिलावा पुरता वाळू द्या, मग पूर्ण भिंत रंगवा. गळती दुरुस्त केल्याची पावती जपून ठेवा आणि आपण होऊन दाखवा.

बाकीच्या गोष्टी लवकर सांगून होतात. दारं पूर्ण उघडली पाहिजेत, त्यांच्यामागे कपडे किंवा खोकी नकोत. खोलीतलं सामान एक तृतीयांशाने कमी करा, पण खोली अगदी रिकामीही करू नका. पलंग नसलेल्या खोलीत पलंग मावेल का हे अनेकांना कळत नाही. सगळे दिवे आणि नळ चालू हवेत. एक बिघडलेला नळ बघून माणूस विचार करतो की न दिसणारं किती बिघडलं असेल. घर दाखवताना मालकाने बाहेर जावं. तो समोर असला की नवरा-बायको मोकळेपणाने बोलत नाहीत, आणि जे बोललं जात नाही त्याचं उत्तरही देता येत नाही.

दोन्हींची सरमिसळ

पहिल्या प्रकारावरचा चुकीचा उपाय दुसरा प्रकार तयार करतो. फोनच्या सर्वांत रुंद लेन्सने काढलेला फोटो लहान खोली ऐसपैस दाखवतो. फोन वाढतात, भेटी वाढतात, आणि प्रत्येक जण दारातच थबकतो. ती खोली तशीच बघितली असती तर आवडू शकली असती, पण आता ती फोटोपेक्षा लहान आहे. खिडकीखालचा वर्दळीचा रस्ता लपवण्याचंही तसंच. तो जाहिरातीत लिहिला तर भेटी कमी होतील, पण जे येतील त्यांना तो चालणारा असेल. रस्ता बदलता येत नाही. त्याची वजावट किमतीत करायची आणि विषय आधीच उघड करायचा.

दुसऱ्या प्रकारातही किमतीचा भाग असू शकतो, आणि तो ओळखायची खूण आहे. वेगवेगळ्या तीन जणांनी एकमेकांना न ओळखता जवळपास सारखाच कमी आकडा बोलला, तर त्याला घासाघीस समजू नका. ती बाजाराने सांगितलेली किंमत आहे. पण कोणी आकडाच बोलत नसेल तर अजून किमतीला हात लावू नका. दुसऱ्यांदा येऊन, मापं घेऊन मग मागे फिरणारे असतील तर कागदपत्रं बघा: सहमालकाची सही, शिल्लक कर्ज, मंजूर नकाशात नसलेलं बांधकाम. कर्ज देणारी संस्था अशा ठिकाणी थांबते आणि खरेदीदार तिच्यासोबत थांबतो.

किंमत उतरवायचीच ठरली तर एकदाच, आणि खालच्या शोध-मर्यादेत जाईल इतकी उतरवा. दर पंधरा दिवसांनी एक-एक टक्का कमी केला की बघणारे पुढच्या कपातीची वाट बघायला शिकतात. त्याच दिवशी पहिला फोटो बदला, आधी फोन करून गेलेल्या प्रत्येकाला नवी किंमत कळवा. ओलीसारखी दुरुस्ती करायची असेल तर तेवढे दिवस जाहिरात काढून घ्या, काम संपवा, नवे फोटो काढा आणि काय दुरुस्त केलं ते पहिल्या दोन ओळींत लिहून मगच ती परत टाका.