शाळा पुन्हा भरते तेव्हा: मुलांच्या मनाची काळजी शाळेत कशी आली

बराच काळ बंद राहिलेली शाळा पुन्हा भरली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पोर्शन किती राहिला? मुलं कोणत्या मनःस्थितीत परत आली आहेत, हे मागाहून विचारलं जातं. हा क्रम बदलायला हवा हे कळायलाच काही पिढ्या गेल्या.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क आणि शिकागो यांनी त्या चालू ठेवल्या. न्यूयॉर्कमधल्या सुमारे १० लाख विद्यार्थ्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश मुलं कोंदट, दाटीवाटीच्या इमारतींत राहत होती. त्यापेक्षा ती हवेशीर वर्गात, डॉक्टर आणि नर्सच्या नजरेखाली असलेली बरी, असं आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांचं म्हणणं होतं. मुलांनी बाहेर घोळका करायचा नाही, थेट वर्गात जायचं आणि आधी शिक्षकांसमोर उभं राहायचं, असा नियम होता. शिक्षक आजाराची लक्षणं तपासत. तपासणी शरीराचीच होती, पण त्या निमित्ताने रोज सकाळी एक मोठं माणूस प्रत्येक मुलाकडे निरखून बघत होतं, आणि मला ती गोष्ट फार मोलाची वाटते. १९३७ मध्ये पोलिओमुळे शिकागोच्या शाळा उशिरा उघडल्या तेव्हा रेडिओवरून धडे दिले गेले. तिथे सगळा भर धड्यांवरच होता.

मनाकडे लक्ष वळलं ते दुसऱ्या महायुद्धात. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनने बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शहरांतून सुमारे १५ लाख लोक हलवले. त्यांत बहुतांश मुलं होती. शहरांतल्या कित्येक शाळांना कुलपं लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनाल्ड विनिकॉट या मुलांच्या मनावर काम करणाऱ्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलला पत्र लिहून लहान मुलांना आईपासून तोडण्याचे धोके सांगितले. लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी चालवलेल्या पाळणाघरांतूनही हेच पुढे आलं: बॉम्बच्या आवाजापेक्षा घरच्या माणसांची ताटातूट मुलांना जास्त मोडून टाकते. मात्र हे ज्ञान बराच काळ दवाखान्यांत आणि बालगृहांत राहिलं. ते शाळेच्या रोजच्या कामात आणण्याचा एक मोठा प्रयत्न १९६८ मध्ये मनोविकारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या दोन शाळांत सुरू केला.

दीर्घ बंदीनंतरच्या शाळेचा खरा धडा मात्र पश्चिम आफ्रिकेने दिला. इबोलाच्या साथीमुळे २०१४ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमधल्या शाळा बंद पडल्या. सुमारे ५० लाख मुलं घरी बसली. सिएरा लिओनच्या शाळा १४ एप्रिल २०१५ ला उघडल्या. फाटकाशी ताप मोजला जायचा, हात धुवायला बादल्या ठेवलेल्या असायच्या. पण त्याआधी शिक्षकांना आणखी एक गोष्ट शिकवली होती: घरातलं माणूस गमावलेल्या, किंवा आजारातून उठल्यावर शेजाऱ्यांनी टाळलेल्या मुलाशी कसं बोलायचं. खोदून विचारायचं नाही. मूल बोललं तर मध्ये न तोडता ऐकायचं. आज वर्गात काय होणार आहे ते आधी सांगायचं, कारण पुढे काय येणार हे माहीत असलं की भेदरलेलं मूल सावरतं.

त्याच देशाने तेव्हाच एक क्रूर निर्णयही घेतला. शाळा बंद असताना अनेक मुली गरोदर राहिल्या होत्या. त्यांना नेहमीच्या वर्गात बसायला मनाई केली गेली. ती बंदी मार्च २०२० मध्ये उठली. एकीकडे मनाला आधार द्यायचा आणि ज्यांना त्याची सर्वात जास्त गरज आहे त्यांनाच दार बंद करायचं, याचं समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही.

ही बंदी उठली तोवर कोविडमुळे जगभरच्या शाळा बंद होत होत्या. युनेस्कोच्या मोजणीनुसार एप्रिल २०२० च्या सुमारास दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी घरी होते. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बॅरी कारपेंटर यांनी तेव्हा मुलांनी काय गमावलं ते नेमकं मांडलं: दिनक्रम, जगण्याची घडी, मैत्री, संधी आणि मोकळीक. नुसते जादा तास घेऊन यातलं फारसं काही परत येत नाही. मैत्री तर मधल्या सुट्टीतच जुळते, आणि राहिलेला अभ्यास भरून काढताना पहिली कात्री बहुतेक वेळा त्या सुट्टीलाच लागते.

या सगळ्यात शिक्षकांच्या मनाचा विचार मात्र सतत मागे पडला. आणीबाणीतल्या मानसिक आधाराविषयीच्या २००७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये मदत करणाऱ्यांच्या काळजीचा स्वतंत्र भाग आहे. तरीही शाळा उघडण्याच्या योजनांत शिक्षक बहुधा आधार देणारे म्हणूनच दिसतात; त्यांच्या घरी काय घडून गेलं, हे क्वचितच कोणी विचारतं. युगांडात जवळपास दोन वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये शाळा उघडल्या, तेव्हा पगाराविना दिवस काढलेल्या कित्येक शिक्षकांनी दुसरी कामं धरली होती आणि ते वर्गात परतलेच नाहीत.