मेथची गोष्ट कच्च्या मालापासून सुरू होते

एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीत एका औषध कारखान्यावर धाड घातली. हाती लागलेलं इफेड्रिन अठरा टनांहून जास्त भरलं. बातम्यांत दोन हजार कोटींचा आकडा गाजला. इफेड्रिन म्हणजे काय आणि मेथच्या, म्हणजे मेथॅम्फेटामाइन या नशेच्या पदार्थाच्या, चोरट्या धंद्याला ते का लागतं, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही.

इफेड्रा हे कोरड्या डोंगराळ मुलखातलं, जवळजवळ बिनपानांचं काटकुळं झुडूप. चीनमध्ये ते शतकानुशतकं खोकल्या-दम्यावर देतात. पारशी मंडळी पूजाविधीत ज्या हूमच्या काड्या कुटतात त्या याच झुडपाच्या. १८८५ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी त्यातून इफेड्रिन वेगळं काढलं आणि १८९३ साली इफेड्रिनपासून मेथॅम्फेटामाइन तयार केलं. नशेचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता.

पुढे हे औषध युद्धात उतरलं. बर्लिनच्या टेमलर कंपनीने १९३८ मध्ये मेथॅम्फेटामाइनच्या गोळ्या 'पर्विटिन' नावाने बाजारात आणल्या. १९४० च्या एप्रिल ते जुलै या चार महिन्यांतच जर्मन सैन्याला साडेतीन कोटींहून जास्त गोळ्या पुरवल्या गेल्या. जपानमध्ये तेच औषध 'हिरोपोन' नावाने होतं. युद्ध संपल्यावर उरलेला साठा उपाशी, थकलेल्या, उद्ध्वस्त शहरांत पसरला. १९५१ मध्ये जपानने कडक कायदा केला, तरी १९५४ या एका वर्षात पन्नास हजारांहून जास्त लोकांना अटक करावी लागली. कायदेशीर कारखाना बंद झाला की चोरटी भट्टी पेटते, हे तिथे दिसलं.

अमेरिकेत तेच घडलं, फक्त सावकाश. कॅलिफोर्नियातल्या मोटारसायकल टोळ्या 'पी-टू-पी' नावाच्या रसायनावर माल काढत. १९८० मध्ये त्यावर निर्बंध आले, तसे बनवणारे इफेड्रिनकडे वळले. १९८८ च्या कायद्याने इफेड्रिनची पावडर आवळली, पण त्याच्या गोळ्या मोकळ्या सोडल्या. ही पळवाट औषध कंपन्यांच्या दबावामुळे राहिली. मग सर्दीच्या गोळ्यांची पाळी आली, कारण त्यांत इफेड्रिनचंच भावंड असलेलं स्यूडोइफेड्रिन असतं. २००४ च्या सुमाराला अमेरिकेत वर्षाला वीस हजारांहून जास्त घरगुती भट्ट्या, त्यांचे टाकाऊ ढीग किंवा साहित्य सापडत होतं. स्वयंपाकघरात, भाड्याच्या खोलीत, मोटारीच्या डिकीत. त्या घरांतली मुलं विषारी वाफ श्वासात घेत होती, भाजत होती. या सगळ्या इतिहासातला हा भाग मला सर्वांत जास्त छळतो, कारण त्या मुलांनी काहीच निवडलेलं नव्हतं.

२००६ पासून सर्दीच्या या गोळ्या अमेरिकेत काउंटरमागे, ओळखपत्र पाहून मिळू लागल्या. घरगुती भट्ट्या कमी झाल्या, धंदा मेक्सिकोच्या मोठ्या टोळ्यांकडे गेला. मेक्सिकोनेही २००८ च्या सुमाराला तो कच्चा माल बंद केला, आणि टोळ्या पुन्हा पी-टू-पीकडे वळल्या. तिकडे अफगाणिस्तानात गेल्या दहाएक वर्षांत लोक डोंगरावरचं रानटी इफेड्रा कापून विकू लागले. गोष्ट फिरून झुडपापाशी आली.

भारताचा संबंध या मधल्या दुव्याशी आहे. आपल्याकडे औषधांसाठी इफेड्रिन आणि स्यूडोइफेड्रिन मोठ्या प्रमाणावर बनतं. परवाना घेऊन, उजळ माथ्याने. चोरी होते ती कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यावर, किंवा दार आतून उघडलं गेल्यावर. त्यासाठी आधी १९९३ चा नियंत्रण आदेश होता, आता २०१३ चा आहे: नोंदणी, साठ्याचा हिशेब, प्रत्येक विक्रीची कागदपत्रं.

आता एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातली शिक्षा पाहा. मेथ ५० ग्रॅमपेक्षा जास्त सापडलं की ते 'व्यावसायिक प्रमाण' ठरतं आणि किमान दहा वर्षांचा सश्रम कारावास होतो. इफेड्रिन हा मात्र 'नियंत्रित पदार्थ'. त्याचे नियम मोडल्याबद्दल कलम २५-अ खाली जास्तीत जास्त दहा वर्षं, मग माल एक किलो असो की अठरा टन. खिशात पन्नास ग्रॅमहून जास्त मेथ घेऊन फिरणाऱ्या पोराची शिक्षा जिथे सुरू होते, तिथेच गोदामाच्या मालकाची संपते.