४०००१ हा आकडा आला कुठून?

ड्राइव्हच्या, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या, मॅन्युअलमध्ये ‘रजिस्टर ४०००१’ असं छापलेलं असतं आणि पीएलसीत, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कॉम्प्युटरमध्ये, तिथे बऱ्याचदा ० टाकावा लागतो. एका आकड्याच्या या फरकात नव्या इंजिनिअरचा अख्खा दिवस जातो. दोष त्याचा नाही. हा गुंता १९७९ सालापासून चालत आला आहे.

पीएलसी आणि ड्राइव्ह एकाच काळातले. १९६८ च्या पहिल्याच दिवशी अमेरिकेत डिक मॉर्ली यांनी पीएलसीची कल्पना कागदावर उतरवली. त्यातून मॉडिकॉन ०८४ आला. १९६८ मध्येच डेन्मार्कच्या डॅनफॉसने व्हीएलटी ५ या ड्राइव्हचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. पण दोघांमध्ये बोलणं असं नव्हतंच. सुरू करायला एक वायर, दिशा बदलायला दुसरी, फॉल्टच्या रिलेची तिसरी आणि वेगासाठी ०-१० व्होल्ट किंवा ४-२० मिलिअँपिअरचा सिग्नल. ड्राइव्ह ट्रिप झाला, म्हणजे बिघाडामुळे बंद पडला, एवढं पीएलसीला कळायचं. का झाला, हे पाहायला माणूस पॅनेलपर्यंत चालत जायचा.

१९७९ मध्ये मॉडिकॉनने मॉडबस हा उपकरणांनी एकमेकांशी बोलायचा नियमसंच आणला, तो स्वतःच्या पीएलसींसाठी. म्हणून त्याची भाषा लॅडरची, म्हणजे पीएलसीच्या रिले-आकृतीसारख्या प्रोग्रामची: एका बिटाला ‘कॉइल’, १६ बिटांच्या खणाला ‘रजिस्टर’. ४०००१ मधला पहिला ४ म्हणजे होल्डिंग रजिस्टर (वाचता आणि लिहिता येणारा खण), ही मॉडिकॉनच्या मेमरीची खूण. तारेवरून तो ४ जातच नाही, कारण निरोपात फंक्शन कोड (काय करायचं ते सांगणारा आकडा) ०३ आला की होल्डिंग रजिस्टर वाचायचं हे ठरलेलंच असतं. उरतो तो क्रमांक १, आणि निरोपात मोजणी शून्यापासून होते, म्हणून त्याचा ० होतो. दशांश चिन्हालाही त्या खणात जागा नाही, म्हणून ५०.०० हर्ट्झसाठी अनेक ड्राइव्हना ५००० पाठवावं लागतं.

१९८३ च्या आरएस-४८५ मानकाने तारांचा प्रश्न सोडवला: एका जोडीवर ३२ उपकरणं, कमी वेगात सुमारे १२०० मीटर, दोन्ही टोकांना १२० ओहम. मात्र जोडीतल्या दोन तारांची ए आणि बी ही नावं चिप बनवणाऱ्यांनी मानकाच्या उलट लावली, म्हणून आजही संवाद होत नसेल तर दोन वायर अदलाबदल करून बघतात.

जर्मनीत १९८७ पासून प्रोफिबस या कारखान्यातल्या उपकरणांच्या नेटवर्कचं काम सुरू झालं. त्यावरच्या प्रोफिड्राइव्हने ड्राइव्हला काय सांगायचं हेही ठरवून दिलं, आणि मला हे पाऊल सगळ्यात मोलाचं वाटतं. कंट्रोल वर्डमधला (ड्राइव्हला हुकूम देणाऱ्या १६ बिटांमधला) प्रत्येक बिट नेमलेला, १६३८४ म्हणजे १०० टक्के वेग. सीमेन्सच्या ड्राइव्हला आधी हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या आकड्यांत) ०४७ई आणि मग ०४७एफ पाठवतात, कारण शेवटचा बिट शून्यावरून एक होताना दिसल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. गेलेली वीज परत आली आणि कुणाचा हात मोटरच्या पट्ट्याजवळ असला, तर हाच नियम त्याला वाचवतो.

नंतर कंपन्यांमध्ये फील्डबसवरून, म्हणजे अशा औद्योगिक नेटवर्कांपैकी कुणाचं मानक व्हावं यावरून, वर्षानुवर्षं भांडण चाललं. २००० च्या सुमारास आयईसी ६११५८ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं ते एकाच मानकात आठ प्रकार घेऊन. पुढे इथरनेट आलं.

एक गोष्ट मात्र वायरींबरोबर गेली. पूर्वी ‘सुरू’ची वायर तुटली की मोटर आपोआप थांबायची. नेटवर्कची केबल निघाली तर ड्राइव्ह शेवटचा हुकूम धरून फिरतच राहू शकतो. त्यासाठी टाइमआउटचा पॅरामीटर असतो: ठरलेल्या वेळात निरोप आला नाही तर काय करायचं ते तो ठरवतो. काही ड्राइव्हमध्ये तो कंपनीतून बंदच येतो. म्हणून बॉड रेट (संवादाचा वेग) आणि पॅरिटी (चूक तपासायचा बिट) जुळली की मी आधी मोटर फिरवतो, मग केबल काढतो आणि ती थांबते का ते बघतो.