गोचिडाचा मुक्काम

सांगोल्याच्या आठवडा बाजारात गाय घेणारा माणूस दात बघतो, सड पिळून बघतो, चार पावलं चालवून खुरं बघतो, मग रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतो. शेपटी उचलून तिच्या बुडाशी बघणारा किंवा कानाची पाळी उलटी करून बघणारा मात्र विरळा. गाय घरी येते, ओवाळून दावणीला बांधली जाते, आणि तिच्यासोबत आलेले शे-दीडशे फुकटे पाहुणेही गोठ्यात उतरतात. दीड-दोन महिन्यांनी शेजारची जुनी गाय तापाने बसली की बोल लागतो तो नव्या गाईच्या पायगुणाला.

गोचीड हा किडा नव्हे. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कोळ्याविंचवाच्या गोतातला. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात. पहिलं रक्त पिऊन कात टाकली की आठ होतात. आणखी एक कात, मग ते वयात येतं. पिल्लू राईहून बारीक, भुकेली मादी तिळाएवढी, आणि पोट भरलेली मादी थेट एरंडाची बी. ही उपमा माझी नाही. लॅटिनमध्ये गोचीड आणि एरंड या दोघांनाही ‘रिसिनस’ असा एकच शब्द आहे, इतकं ते साम्य जुन्या लोकांच्या डोळ्यांत भरलं होतं.

मादी एवढी फुगते कशी? तोंडातली करवतीसारखी सोंड ती कातडीत खुपसते. सोंडेवरचे दाते मागे वळलेले असतात, म्हणून ओढली तरी ती सहज निघत नाही. वर लाळेतून सिमेंटसारखा घट्ट होणारा पदार्थ सोडून ती स्वतःला जखमेत चक्क गिलावा करून घेते. त्याच लाळेत जागा बधिर करणारी, रक्त गोठू न देणारी, गाईची प्रतिकारशक्ती थोपवणारी द्रव्यं असतात. पहिले काही दिवस ती संथपणे पिते आणि शेवटच्या दिवसा-रात्रीत ढोसते. रक्तातलं पाणी तिला नकोच असतं. त्यातलं बरंचसं ती लाळेवाटे गाईच्या अंगात परत ओतते आणि जाडसर अर्क तेवढा पोटात ठेवते. रोगाचे जंतू गाईत शिरतात ते याच लाळेतून. आपण म्हणतो गोचीड रक्त पितं. ते जेवढं पितं त्याहून जास्त घातक ते थुंकतं.

आता मुद्द्याची गोष्ट. गोठ्यात आपण सरसकट ‘गोचिडं झालीत’ म्हणतो, पण आपल्याकडे जनावरांवर मुख्यतः दोन वेगळ्या चालीची गोचिडं असतात. पहिलं ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. निळसर-करडं, आखूड पायांचं आणि आळशी. पिल्लू म्हणून गवतावरून एकदा गाईवर चढलं की लहानाचं मोठं तिथेच होतं, लग्नही तिथेच उरकतं. साधारण 21 दिवसांनी तट्ट फुगलेली मादी खाली गळून पडते, गोवऱ्यांखाली नाहीतर गव्हाणीच्या आडोशाला शिरते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते.

दुसरं हायलोमा. तपकिरी, दणकट, लांब पायांवर पांढुरके पट्टे. हे घर बदलतं. रक्त पिऊन गाईवरून उतरतं, भिंतीच्या भेगेत कात टाकतं आणि पुन्हा भूक लागली की नव्या जनावराच्या शोधात निघतं. पुढच्या पायांवर त्याचं एक इंद्रिय असतं. त्याने ते श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वास हुंगतं. जमिनीवर शांत बसून राहा, हायलोमा तुमच्या दिशेने तुरुतुरु चालत येताना दिसेल. वाट बघत बसणाऱ्यांतलं ते नाही, शिकार करणारं आहे.

या दोन चालींमधला फरक कळला की रोगांचा गुंता सुटतो, आणि तो सोडवण्याची कथा मला फार आवडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत टेक्साससारख्या दक्षिणेकडचे गुरांचे कळप उत्तरेला हाकत नेले की वाटेवरची उत्तरेतली गुरं लाल लघवी करून पटापट मरत. दक्षिणेची गुरं मात्र धडधाकट. गुराखी म्हणायचे, हे गोचिडाचं काम. विद्वान हसायचे. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी कुंपणं घालून प्रयोग केले: एका वावरात दक्षिणेची गुरं गोचिडांसकट, दुसऱ्यात गोचिडं वेचून काढलेली. उत्तरेची गुरं आजारी पडली ती पहिल्या वावरात. पण एक कोडं उरलं. हे गोचीड तर जन्मभर एकाच गाईवर राहतं, मग रोग दुसऱ्या गाईकडे जातो कसा? उत्तर असं की आईच्या पोटातून अंड्यांत. तो रोग म्हणजे बबेसिया. आजारी गाईवरून पडलेली मादी मरून जाते, पण तिची पिल्लं रोगाचा वारसा घेऊनच जन्मतात. 1893 मध्ये हे छापून आलं. सांधेदार पायांचा जीव (किडा, कोळी, गोचीड) रोग पसरवू शकतो याचा जगातला हा पहिला पक्का पुरावा मानला जातो. आपल्या सोलापूरहून रात्रीची गाडी पकडून सकाळी उतरावं त्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला, तो त्यानंतर चार वर्षांनी.

थायलेरिया या दुसऱ्या गोचीड-रोगाचं गणित वेगळं. तो हायलोमाचा प्रवासी, आणि तो अंड्यांतून पुढे जात नाही. लहान गोचीड आजारी गाईचं रक्त पितं, कात टाकतं आणि मोठं होऊन दुसऱ्या गाईला चावतं तेव्हा रोग पोहोचतो. म्हणजे बबेसिया वारशाने चालतो आणि थायलेरिया भिंतीतून. गाईला 104–106 अंश फॅरनहाइट ताप, खांद्याच्या पुढची गाठ लिंबापेक्षा मोठी, डोळ्यांतून पाणी, पुढे पांढरीफटक पडलेली हिरडी: अशी गाय आपल्याकडे ‘गोचीड ताप’ म्हणून डॉक्टरांपुढे येते. थायलेरियावर ब्युपार्वाक्वोनचं इंजेक्शन चालतं, पण वेळेत. रक्ताची काच तपासून घेतलेली बरी, कारण बबेसियाचं औषध वेगळं आणि अ‍ॅनाप्लाझ्माचं आणखी वेगळं. हा तिसरा भिडू गोचिडाशिवाय चावऱ्या माश्यांनी पसरतो आणि न उकळलेल्या सुईनेही. एकाच सुईने आख्खी दावण टोचणाऱ्याला हे सांगावंच लागतं.

इथे खिलार आठवल्याशिवाय राहत नाही. माणदेशातलं हे जनावर गोचिडं अंगावर फार टिकू देत नाही. सैल, थरथरणारी कातडी, आखूड केस, सतत चाटण्याची सवय, आणि पिढ्यान्‌पिढ्या गोचिडांबरोबर राहून कमावलेली प्रतिकारशक्ती. जर्सी-होल्स्टीनच्या संकरित गाईकडे हा वारसा कमी असतो. म्हणून एकाच गोठ्यात खिलार बैल वरकरणी निरोगी राहून रोगाचा वाहक होतो आणि त्याच्या शेजारची पंधरा लिटरची गाय आडवी होते. टेक्सासच्या गुरांची गोष्टच माळशिरसच्या गोठ्यात घडते म्हणा ना. संकरित वासरांसाठी थायलेरियाची रक्षावॅक-टी ही लस आहे. ती कधी टोचायची ते डॉक्टरांना विचारावं.

सोलापूरचं कोरडं ऊन गोचिडं मारत असेल, अशी एक भाबडी समजूत आहे. ती अर्धी खरी आहे. मायक्रोप्लसची अंडी रखरखीत उन्हात उघड्यावर सुकून जातात, म्हणून त्याचा कहर पावसाळ्यात आणि त्यानंतर. हायलोमा मात्र कोरडवाहूच. शिवाय गोचीड हवेतून पाणी पिऊ शकतं: तोंडावर खारट लाळ सोडायची, तिने हवेतली वाफ शोषली की ती परत गिळायची. दगडी भिंतीच्या सांदीत, ओलसर शेणाशेजारी, माळवदाच्या सावलीत त्याला मे महिना जड जात नाही. त्यात उजनीच्या पाण्याने आणि ठिबकाने हिरवा चारा बारमाही झाला. आणि आपण गुरांना एकत्र आणण्यात पटाईत. कार्तिकीचा वाखरीचा जनावरांचा बाजार, कारखान्यांवर जिल्ह्याबाहेरून येणारे ऊसतोडीचे बैल, दुष्काळातल्या चारा छावण्या. 2019 च्या उन्हाळ्यात सांगोला-मंगळवेढ्याच्या छावण्यांनी हजारो जनावरं जगवली, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण गावोगावची गुरं महिनोन्‌महिने दाव्याला दावं लावून उभी राहिली की गोचिडांचीही छावणी बसते.

मग उपाय? इथे नेहमी ऐकू येणारं वाक्य: ‘डॉक्टरसाहेब, औषध डुप्लिकेट निघालं बघा, आठ दिवसांत पुन्हा तेवढीच गोचिडं.’ औषध खोटं असेलही, पण बहुतेक वेळा हिशोब चुकलेला असतो. फवारणी झाली ती गाईच्या पाठीवर, जिथे गोचिडं सर्वांत कमी. कानात, मानेखाली, कासेच्या घडीत, शेपटीच्या बुडाशी, पायांच्या बेचक्यात औषध पोहोचलंच नाही. काटकसर म्हणून ते पातळ केलं. त्यामुळे दुबळी मेली, तगडी उरली, आणि पुढची पिढी तगड्यांची झाली. डेल्टामेथ्रीन आणि सायपरमेथ्रीन या फवारणीच्या औषधांना न जुमानणारी गोचिडं भारतात बऱ्याच ठिकाणी सापडली आहेत ती अशीच. अमिट्राझ वेगळ्या गटातलं आहे, पण कालवल्यावर ताजंच वापरायचं, आणि घोड्याला अजिबात नाही. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सोपं वाटतं. दुभत्या गाईला ते देऊ नये, ते दुधात उतरतं. जळालेलं ऑईल फासणाऱ्यांबद्दल काय बोलावं? गोचीड गुदमरतं की नाही कोण जाणे, गाईची कातडी मात्र नक्की भाजते.

आणि ते 21 दिवस. आज फवारलं तर आज अंगावर असलेली मरतील. गोठ्यात पडलेली अंडी उद्या-परवा फुटतील, पिल्लं चढतील, आणि तीन आठवड्यांत त्यांच्या माद्या फुगून पडायच्या बेतात येतील. त्या पडण्याआधी दुसरी फेरी व्हायला हवी, मग तिसरी. कॅलेंडरवर खूण करून ठेवायची, जशी आपण एकादशी बघतो. एकट्या आजारी गाईला नव्हे, गोठ्यातल्या सगळ्या जनावरांना एकाच दिवशी. शेळ्या, म्हशी आणि राखणीचं कुत्रं धरून.

हायलोमासाठी मात्र गाय धुऊन भागत नाही, भिंत धरावी लागते. थंडीत त्यांची संख्या घटते, तेव्हा दगडांच्या सांदी सिमेंटने भराव्यात, गव्हाणीच्या फटी बुजवाव्यात, चुना मारावा. काही जण फ्लेम गनने भेगा भाजून काढतात. पाचट आणि कडबा शेजारी रचलेला असताना हा प्रयोग करू नये, एवढीच विनंती. उकिरडा गोठ्याला चिकटून नको. बाजारातून आणलेलं जनावर निदान तीन आठवडे वेगळं बांधावं. हाताने गोचिडं वेचायला हरकत नाही, उलट थायलेरिया गोचिडाच्या लाळेत पक्व व्हायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे लवकर काढलेलं गोचीड रोग देण्याआधीच निघतं. फक्त ती नखाने चिरडायची नाहीत. हातमोजे घालायचे आणि साबणाच्या नाहीतर औषधाच्या पाण्यात टाकायची.

चिरडण्याची भीती माणसासाठी आहे. 2011 मध्ये गुजरातेत काँगो तापाचे भारतातले पहिले रुग्ण सापडले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदान केलं. रोगी दगावला आणि त्याच्यावर उपचार करणारेही दगावले. हा विषाणू हायलोमा वाहतं, गुरांमध्ये तो लक्षण न दाखवता राहतो आणि ताज्या रक्तातूनही माणसाला होतो. सिंधुदुर्गात 2016 पासून दिसणारा माकडताप हा जंगलातल्या वेगळ्या गोचिडाचा. आपल्या माळरानावर त्याची धास्ती नको. माणसाला चिकटलेलं गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावं. त्यावर काडी पेटवू नये, रॉकेल ओतू नये, त्याने ते आणखी लाळ सोडतं. पुढच्या दोन आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचिडाचं नाव आवर्जून सांगावं.

अलीकडे मुक्त संचार गोठ्यांत गावरान कोंबड्या सोडलेल्या दिसतात. त्या बारमाही फवारणीची जागा घेणार नाहीत, भेगेच्या तळाशी त्यांची चोच पोहोचत नाही. पण मायक्रोप्लसची फुगलेली मादी बहुतेक वेळा सकाळच्या प्रहरी गळून पडते, आणि कोंबडी खुराड्यातून बाहेर येते तीही त्याच वेळी. आडोसा गाठायच्या आत ती टिपली गेली तर दोन-तीन हजार अंडी एका चोचीत संपतात. खुराड्याचं दार उशिरा उघडणाऱ्या घरात मात्र हा फायदा मिळत नाही.